गाण्याचं चॅनेल आणि साडेतीन मिनिटांची अडचण

प्रश्न असा आहे: जी चॅनेलं फक्त गाणी दाखवायला सुरू झाली, त्यांच्यावरून गाणीच का गेली? यूट्यूबने घात केला, लोकांची आवड बदलली, की मालकांना हाव सुटली? विचारणाऱ्याने एमटीव्हीचं उदाहरण दिलंय आणि 'त्यांनी प्रेक्षकांशी दगा केला' असा शेराही मारलाय.

मी संगीत चॅनेलच्या प्रोग्रॅमिंगमध्ये बरीच वर्षं काढली. कुठलं गाणं कुठल्या तासाला लावायचं, दिवसातून किती वेळा, कुठल्या गाण्याच्या मागे आणि ब्रेकच्या अलीकडे की पलीकडे, हे ठरवायचं माझं काम. म्हणून उत्तर आतल्या बाजूने देतो. या गोष्टीत यूट्यूबची एंट्री फार उशिरा होते. एमटीव्हीवर गाण्यांना बाजूला सरकवणं १९८० च्या दशकाच्या मध्यालाच सुरू झालं होतं, यूट्यूबच्या जन्माला तेव्हा वीसेक वर्षं अवकाश होता. आणि त्याचं मूळ हावेपेक्षाही साध्या गोष्टीत आहे. एक गाणं साडेतीन मिनिटांत संपतं.

हे नीट समजायला रेटिंगचा हिशेब बघावा लागेल. किती लोकांनी चॅनेल लावलं, एवढ्यावर रेटिंग ठरत नाही. ते किती वेळ थांबले, हेही त्यात धरलेलं असतं. हिशेबापुरते आकडे घेऊ. अर्ध्या तासात एका चॅनेलवर ४ लाख माणसं येऊन गेली आणि प्रत्येक जण सरासरी ६ मिनिटं थांबला. दुसऱ्या चॅनेलवर जेमतेम १ लाख २० हजार आली, पण ती २५ मिनिटं बसून राहिली. पहिल्याची सरासरी निघते ८० हजार, दुसऱ्याची १ लाख. तिपटीहून जास्त लोक येऊनही पहिलं चॅनेल हरलं. जाहिरातदार पैसे मोजतो ते या सरासरीवर. संगीत चॅनेल जन्मभर पहिल्या चॅनेलच्या जागी असतं. तिथे सगळे डोकावतात, बसत कोणी नाही.

आम्हाला मिनिटामिनिटाचा आलेख मिळायचा. कथामालिकेचा आलेख टेकडीसारखा असतो, हळूहळू चढतो, ब्रेकला खचतो, पुन्हा चढतो. गाण्यांच्या पट्ट्याचा आलेख करवतीसारखा. गाणं सुरू झालं की दोन-चार सेकंदांत माणूस ठरवतो, हे हवं की नको. नको असेल तर रिमोट हातातच असतो. हवं असेल तरी गाणं संपलं की पुढच्या गाण्याला तोच निवाडा पुन्हा. म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी आम्हीच दार उघडायचो आणि विचारायचो, थांबताय की निघताय? मालिकावाला हा प्रश्न अर्ध्या तासात एकदा विचारतो, तोही उत्कंठेच्या टोकाशी आणून.

इथे हमखास एक शंका निघते: मग रेडिओ कसा टिकला? त्याच्यावर तर गाण्याखेरीज फारसं काही नसतं. उत्तर ऐकणाऱ्याच्या हातांत आहे. रेडिओ ऐकणाऱ्याचे हात कामात असतात, गाडीच्या चाकावर, ओट्याशी, यंत्राशी. न आवडलेलं गाणं तो सोसून घेतो, कारण उठून बटण फिरवण्यापेक्षा तीन मिनिटं सोसणं सोपं. टीव्ही बघणाऱ्याचे हात रिकामे असतात आणि त्यातल्या एकात रिमोट. १९८० च्या दशकात अमेरिकेत केबलवरची चॅनेलं वाढत होती आणि रिमोटही घरोघर पोचत होता. एमटीव्हीला मोठं केलं ते केबलने आणि त्याच्या गाण्यांच्या मुळावर आली तीही केबलच. आणखी एक फरक आहे. ऐकलेलं गाणं पन्नासदा ऐकता येतं, उलट ओळखीचं झालं की जास्त आवडतं. पाहिलेला व्हिडिओ आठ-दहा वेळांतच शिळा होतो, कारण त्यातली गंमत पुष्कळदा शेवटच्या धक्क्यात किंवा एखाद्या करामतीत असते. रेडिओवर 'हेवी रोटेशन', म्हणजे तेच गाणं दिवसातून अनेकदा लावणं, हे वरदान, पडद्यावर तेच लवकर अंगावर येतं.

आता थोडं इतिहासात जाऊ.

१ ऑगस्ट १९८१ ला मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने एमटीव्ही सुरू झालं. वॉर्नर आणि अमेरिकन एक्स्प्रेस यांची भागीदारी होती. रेडिओ ताऱ्याला व्हिडिओने मारल्याचं बगल्स या बँडचं गाणं पहिलं लागलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पुढे जातो. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की चॅनेलकडे दाखवायला मालच फारसा नव्हता. अमेरिकन कंपन्या तेव्हा सरसकट व्हिडिओ बनवत नव्हत्या. जे होते त्यांत ब्रिटिश बँडचे बरेच आणि रॉड स्टुअर्टचे इतके, की तो पहिल्या दिवशी पुन्हा पुन्हा दिसत राहिला. मॅनहॅटनमध्ये चॅनेल अजून पोचलंही नव्हतं. सुरू करणारी मंडळी पलीकडे न्यू जर्सीतल्या एका रेस्तराँमध्ये जमून आपलंच चॅनेल बघत होती.

धंद्याची मेख अशी होती की हा माल फुकट होता. रेकॉर्ड कंपन्यांच्या हिशेबी व्हिडिओ म्हणजे अल्बमची जाहिरात. त्या तो स्वतःच्या खर्चाने बनवायच्या आणि चॅनेलला आणून द्यायच्या. जाहिरातीलाच कार्यक्रम म्हणून दाखवायचं आणि मधल्या फटीत दुसऱ्यांच्या जाहिराती विकायच्या! टीव्हीच्या धंद्यात याहून स्वस्त कच्चा माल कोणाला मिळाला असेल असं वाटत नाही. 'व्हिडिओला पैसे द्यायचे नाहीत' हे सूत्र चॅनेलने इतकं जपलं की १९८३ मध्ये मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला मदत करायची वेळ आली तेव्हा पैसे दिले ते तो कसा बनला यावरच्या माहितीपटासाठी. व्हिडिओसाठी दिले असते तर उद्या सगळेच हात पसरून उभे राहिले असते.

पण फुकटचा माल आपल्या मालकीचा नसतो. पुढचं सगळं रामायण याच्यापोटी घडलं. जो व्हिडिओ तुम्हाला फुकट मिळतो तो शेजारच्या चॅनेललाही मिळतो. केबल टीव्हीतला बडा मालक टेड टर्नरने ऑक्टोबर १९८४ मध्ये केबल म्युझिक चॅनेल काढून हेच दाखवून दिलं. ते जेमतेम महिनाभर चाललं आणि एमटीव्हीवाल्यांनी विकत घेऊन बंद केलं, पण घाबरवायचं काम त्याने केलं होतं. १ जानेवारी १९८५ ला व्हीएच-१ उभं राहिलं ते थोड्या मोठ्या वयाच्या प्रेक्षकांसाठी, आणि त्यामागे टर्नरची फट बुजवण्याचाही हेतू होता. त्याच सुमाराला एमटीव्हीने मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांशी करार केले: काही निवडक व्हिडिओ ठरावीक काळ फक्त आमच्याकडे, त्याबदल्यात पैसे. फुकटचा माल असा विकतचा झाला, पुरता आपला मात्र झाला नाही.

आणि मग रेटिंग घसरलं. १९८५-८६ पर्यंत नव्याची नवलाई सरली होती. पहिली दोन-तीन वर्षं लोक 'पुढे काय लागेल' या कुतूहलाने बसून राहायचे. पुढे तेच ते लागतं हे कळल्यावर कुतूहल कुठून टिकणार? त्याच काळात व्हायकॉम या माध्यम कंपनीने चॅनेल ताब्यात घेतलं. १९८६ मध्ये मंकीज या बँडच्या जुन्या विनोदी मालिकेचे भाग लावले आणि ते चालले. नावातच संगीत असलेल्या चॅनेलवर वीस वर्षांपूर्वीची मालिका! डिसेंबर १९८७ मध्ये 'रिमोट कंट्रोल' नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ आला. (नाव ठेवणाऱ्याला आतलं दुखणं कळलं होतं म्हणायचं.) मी या गोष्टीचा आरंभ इथे मानतो. प्रेक्षक मोजणाऱ्या नीलसन कंपनीने अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर पीपल मीटर, म्हणजे घरातलं कोण काय बघतंय हे नोंदवणारं यंत्र, वापरायला घेतलं तोही १९८७ मध्येच. माणूस कधी आला, कधी गेला हे आता यंत्राला कळू लागलं. जो माध्यमप्रकार लोकांच्या येण्याजाण्यावरच जगतो त्याला हे यंत्र परवडणारं नव्हतं.

गाण्यांना अर्ध्या तासाच्या साच्यात बसवायचे प्रयत्न झाले आणि त्यांतले काही सुंदर होते. '१२० मिनिट्स' १९८६ मध्ये आला, 'हेडबँगर्स बॉल' १९८७ मध्ये, 'यो! एमटीव्ही रॅप्स' १९८८ मध्ये. माझ्या मते संगीत चॅनेलाने केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. निर्वाणा या बँडचा 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हा प्रसिद्ध व्हिडिओ १९९१ मध्ये '१२० मिनिट्स'मधून पुढे आला आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळीकडे पोचला. या कार्यक्रमांना नाव होतं, वेळ ठरलेली होती, आणि बोलणारा माणूस स्वतः त्या संगीतात बुडालेला होता. प्रेक्षक गाण्यासाठी यायचा आणि कार्यक्रमासाठी थांबायचा. पण त्यांच्यामुळेच एक गोष्ट उघडी पडली: 'संगीताचा प्रेक्षक' असा एकसंध प्राणी अस्तित्वात नाही. रॅपवाला मेटल लागताच उठतो, मेटलवाला पॉप लागताच शिव्या घालतो. सगळ्यांना एका छताखाली बसवायचं तर असं काही हवं जे कोणाच्याच संगीताच्या आवडीवर अवलंबून नाही.

ते सापडलं २१ मे १९९२ ला. 'द रिअल वर्ल्ड'. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या घरात सात अनोळखी तरुण-तरुणी आणि सतत चालू कॅमेरे. मेरी-एलिस ब्युनिम आणि जॉनथन मरे या दोघांच्या डोक्यात आधी तरुणांवरची रीतसर लिहिलेली मालिका होती. लेखक, नट, सेट असा खर्च चॅनेलला झेपेना, म्हणून लेखक आणि नट दोन्ही वजा केले. काटकसरीतून निघालेल्या या तोडग्याने पुढच्या तीस वर्षांचा टीव्ही घडवला.

प्रोग्रॅमिंगवाल्याच्या नजरेने बघा. १३ भाग तयार झाले की ते तुमच्या मालकीचे. शनिवारी दुपारी ओळीने सगळे लावा, लोक चिकटून बसतात. पुढच्या वर्षी पुन्हा लावा. परदेशी चॅनेलला विका, तिथल्या भाषेत नवी आवृत्ती काढायचा हक्क विका. जाहिरातदाराला सांगा, मंगळवारी रात्री १० वाजता या वयाची इतकी माणसं बसलेली असतील. गाण्यांच्या तासाबद्दल आमच्या विक्रीच्या माणसाला असं काही सांगताच यायचं नाही. 'मंगळवारी रात्री १० वाजता गाणी असतील' यावर समोरचा म्हणायचा, 'बरं, मग बुधवारी काय असेल?'

यानंतर उताराला लागलेली गाडी. 'बीव्हिस अँड बट-हेड' हे कार्टून १९९३ चं, आणि त्यात निदान दोन टवाळखोर सोफ्यावर बसून व्हिडिओंची रेवडी उडवायचे, म्हणजे व्हिडिओ होते. २००२ च्या 'द ऑसबोर्न्स'ने तोवरचे चॅनेलचे सगळे उच्चांक मोडले आणि हेवी मेटलचा एक बिनीचा गायक, ऑझी ऑसबोर्न, चॅनेलवर दिसू लागला, पण घरातल्या पाळीव कुत्र्यांवर वैतागताना. मग 'लगूना बीच', 'द हिल्स', डिसेंबर २००९ मध्ये 'जर्सी शोर', सगळे रिअॅलिटी शो. फेब्रुवारी २०१० मध्ये लोगोखालचे 'म्युझिक टेलिव्हिजन' हे शब्द गेले, तेव्हा बाहेर बोंबाबोंब झाली. आतल्या लोकांना वाटलं, पाटी बदलायला एवढा उशीर का लागला?

'टीआरएल', म्हणजे 'टोटल रिक्वेस्ट लाइव्ह', या एमटीव्हीच्या कार्यक्रमावर मात्र थांबायलाच हवं, कारण 'तेव्हा तरी गाणी लागायची' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हाच कार्यक्रम आठवतो. सप्टेंबर १९९८ ते नोव्हेंबर २००८, टाइम्स स्क्वेअरचा काचेचा स्टुडिओ, खाली किंचाळणारी गर्दी, प्रेक्षकांच्या मतांवर रोजची उतरंड. संगीत चॅनेलच्या इतिहासातला कदाचित सगळ्यात गाजलेला कार्यक्रम, आणि त्यात बहुतेक गाणी अर्धवटच लागायची. एखादं कडवं, त्यावर कोणा मुलीचा ओरडण्याचा आवाज, कोपऱ्यात चौकट, खाली पट्टी, की पुढचा क्रमांक. आम्ही त्या पद्धतीची नक्कल केली तेव्हा मला लाज वाटली होती, आणि आलेख बघितल्यावर ती गेलीही होती. गाणं पूर्ण न लावणं हाच दार बंद ठेवायचा उपाय होता: पुढे कोण, वर कोण चढला, या उत्सुकतेवर माणूस अर्धा तास बसायचा. गाण्यांचा कार्यक्रम चालवायचा तर गाणी कापावी लागतात, हे त्या दहा वर्षांत सिद्धच झालं.

आता 'लोकांना गाणीच हवी होती' या म्हणण्याबद्दल. हवी होती हे खरं आहे. पत्रं यायची, फोन यायचे, पाहण्या केल्या की 'जास्त गाणी दाखवा' हीच मागणी वर यायची. एकदा आमच्याकडे हट्टाने एक संध्याकाळ पूर्ण गाण्यांची ठेवली. निवेदन नाही, खेळ नाही, हवी म्हणणाऱ्यांनी मागितलेलीच गाणी. कौतुकाची पत्रं भरपूर आली आणि त्या संध्याकाळचा आलेख आठवड्यात सगळ्यात खाली गेला. पत्र लिहिणारा खोटं बोलत नव्हता. त्यालाही गाणी हवीच होती, पण ती तिथे आहेत एवढ्या दिलाशापुरती, अधूनमधून डोकावायला. जाहिरातीवर चालणाऱ्या धंद्यात अशा प्रेमाचं बिल फाडता येत नाही. २००७ च्या व्हिडिओ पुरस्कारांच्या मंचावरून गायक जस्टिन टिंबरलेकने एमटीव्हीला 'जास्त व्हिडिओ दाखवा' म्हणून सुनावलं आणि टाळ्या पडल्या. ज्या कार्यक्रमाने त्याला मोठं करायला हातभार लावला तो 'टीआरएल' तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता.

कॅनडाचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. ऑगस्ट १९८४ मध्ये सुरू झालेल्या मचम्युझिक या संगीत चॅनेलच्या परवान्यातच संगीत व्हिडिओंचा किमान वाटा लिहिलेला होता, म्हणून तिथे गाणी जास्त काळ टिकली. पण मालकांनी तो वाटा कमी करून द्या म्हणून नियामकाकडे अर्ज केलेच. कायद्याने बांधलेला हात सुटायला धडपडतो तेव्हा ओढ कुठल्या दिशेची आहे ते दिसतं.

मग गाणी गेली कुठे? आधी शेजारच्या खोलीत. १ ऑगस्ट १९९६ ला एम-२ सुरू झालं, पुढचं एमटीव्ही-२, 'ज्यांना गाणी हवीत त्यांनी तिकडे जा' असं सांगण्यासाठी. काही वर्षांत तिथेही मालिका शिरल्या आणि गाणी आणखी आतल्या खोल्यांत गेली. युरोपात हेच मोठ्या प्रमाणावर झालं: डिजिटल केबल आणि उपग्रहावर जागा स्वस्त झाल्यावर ऐंशीच्या दशकाचं एक चॅनेल, नव्वदचं एक, नाचाचं एक, रॉकचं एक. यांना निवेदक नाही, स्टुडिओ नाही, रात्रपाळीला माणूसही नाही. संगणकावर यादी लावून द्यायची, यंत्र चालवतं. मी अशी एक यादी बरेच महिने सांभाळली. आठवड्याला दीड दिवसाचं काम. तिला चॅनेल म्हणणं मला जड जायचं.

गाण्यांच्या बाजूनेही काहीतरी आटत होतं, ते कमी बोललं जातं. १९९५ मध्ये मायकल आणि जॅनेट जॅक्सनच्या 'स्क्रीम'वर ७० लाख डॉलरच्या आसपास खर्च झाल्याचं सांगतात. ही श्रीमंती सीडीच्या पैशावर उभी होती. अमेरिकेतला रेकॉर्ड व्यवसाय १९९९ मध्ये सुमारे १४.६ अब्ज डॉलरवर होता, त्याच वर्षी इंटरनेटवरून गाणी फुकट वाटून घेऊ देणारं नॅपस्टर आलं, आणि पंधरा वर्षांत तो आकडा निम्म्याच्याही खाली गेला. ज्या खिशातून व्हिडिओ निघायचा तोच फाटला. बजेट आक्रसली, व्हिडिओ संख्येने कमी आणि दिसायला गरीब होत गेले. म्हणजे एकीकडे चॅनेल गाण्यांना जागा देत नव्हतं आणि दुसरीकडे जागा दिली असती तरी भरायला पहिल्यासारखा माल नव्हता. कंपन्यांच्या माणसांशी तेव्हा बोलणं व्हायचं. ते म्हणायचे, तुम्ही दाखवत नाही तर आम्ही बनवू कशाला? आम्ही म्हणायचो, तुम्ही बनवत नाही तर दाखवू काय? दोघंही खरंच बोलत होते.

यूट्यूब २००५ मध्ये आलं ते असं, मोकळ्या पडलेल्या वाड्यात. पुढच्याच वर्षी गूगलने ते १.६५ अब्ज डॉलरला घेतलं आणि मार्च २००७ मध्ये व्हायकॉमने त्याच्यावर १ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. दाव्याचा रोख व्हायकॉमच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या क्लिपांवर होता. संगीत व्हिडिओ व्हायकॉमचे नव्हतेच, त्यामुळे त्यांच्यासाठी भांडायचा हक्कही नव्हता. १९८१ च्या फुकट मालाची किंमत ही अशी पंचवीस वर्षांनी चुकती झाली. ज्यांचे व्हिडिओ होते त्या कंपन्यांनी डिसेंबर २००९ मध्ये गूगलशी हातमिळवणी करून व्हेवो ही संगीत व्हिडिओंची सेवा काढली. व्हिडिओ आता जाहिरात उरला नाही, तो स्वतःच दर बघण्यामागे पैसे आणू लागला. डिसेंबर २०१२ मध्ये 'गंगनम स्टाइल'ने १ अब्ज व्ह्यूजचा टप्पा गाठला, तो कोणत्याही चॅनेलच्या प्रोग्रॅमिंगवाल्याची परवानगी न घेता. आणि साडेतीन मिनिटांची अडचण तिथे अडचणच राहिली नाही. गाणं संपल्यावर निघून जाणारा प्रेक्षक यूट्यूबला चालतो, कारण तो निघून यूट्यूबवरच्याच दुसऱ्या गाण्यावर जातो.

यूट्यूबने मारलं ते त्या आतल्या खोल्यांतल्या चॅनेलांना. जर्मनीचं व्हिवा डिसेंबर १९९३ मध्ये स्थानिक पर्याय म्हणून सुरू झालं होतं, ते ३१ डिसेंबर २०१८ ला बंद झालं. ब्रिटनमध्ये चॅनेल फोरने बॉक्स कुटुंबातली संगीत चॅनेलं जून २०२४ च्या अखेरीस गुंडाळली. आणि २०२५ च्या शेवटच्या दिवशी एमटीव्हीने तिथली एमटीव्ही म्युझिक, ८०ज, ९०ज, क्लब आणि लाइव्ह ही पाचही बंद केली. मुख्य चॅनेल, ज्यावर रिअॅलिटी शो चालतात, ते सुरू ठेवलं. अमेरिकेत त्या मुख्य चॅनेलवर काय असतं? जून २०२० मधल्या एका आठवड्याची मोजणी गाजली होती: १६८ तासांपैकी ११३ तास 'रिडिक्युलसनेस', म्हणजे इंटरनेटवरच्या पडण्या-आपटण्याच्या क्लिपा दाखवून त्यांवर हसणारा कार्यक्रम. दुसऱ्यांनी बनवलेल्या छोट्या क्लिपा, एकामागून एक, मधे बोलणारा एक निवेदक. बांधणी १९८१ चीच आहे. फरक इतकाच की क्लिपांना अर्ध्या तासाच्या चौकटीत कोंबलंय आणि कार्यक्रमावर मालकी आपली आहे.

उरला दगा. दगा झाला असं मला वाटत नाही, पण काही गेलं नाही असंही म्हणवत नाही. गेला तो दारावरचा माणूस, कुठला व्हिडिओ आत घ्यायचा आणि कुठला नाही हे ठरवणारा. तो माणूस फार मोठा होता असं समजू नका. १९८३ पर्यंत एमटीव्हीच्या दारावरच्यांनी कृष्णवर्णीय कलाकारांना जवळजवळ आतच घेतलं नव्हतं, कृष्णवर्णीय गायक रिक जेम्सने त्यावर उघड टीका केली होती आणि ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने मुलाखत घेणाऱ्या व्हीजेलाच, म्हणजे चॅनेलच्या निवेदकालाच, कॅमेऱ्यासमोर 'असं का' म्हणून विचारलं होतं. मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' लागलं त्याच वर्षी, आणि ते लागल्यावर चॅनेलचंच भलं झालं. दारावर माणूस असला की त्याचे पूर्वग्रहही दारावर असतात. पण रात्री अकरा वाजता, ज्याने कधी मागितलं नव्हतं अशा माणसासमोर एखादा विचित्र, नवा, कोणाच्या यादीत नसलेला व्हिडिओ ठेवण्याची मुभाही त्याच्याचकडे होती. मी ती मुभा पुष्कळदा वापरली. बहुतेक वेळा आलेख पडला आणि सकाळी बोलणी बसली. दोन-तीनदा पडला नाही, तेव्हा कोणी काही म्हटलं नाही.

गाण्यांचं चॅनेल परत येईल का, असंही विचारलंय. आलेलं आहे. इंटरनेटवरून चालणाऱ्या फुकट टीव्ही सेवांवर व्हेवोची चोवीस तास चालणारी गाण्यांची चॅनेलं आहेत. व्हेवोमध्ये युनिव्हर्सल आणि सोनी या रेकॉर्ड कंपन्यांचीच मालकी आहे, त्यामुळे माल फुकट की विकत हा वादच नाही. ही चॅनेलं ज्या सेवांवर दिसतात त्यांतली एक प्लूटो टीव्ही, जी २०१९ मध्ये एमटीव्हीच्याच मालकांनी विकत घेतली. मी मधे एक दिवस ती लावून ठेवली होती. दुपारभर चालू होती. मी स्वयंपाकघरात काम करत होतो आणि पडद्याकडे तीन-चारदाच बघितलं असेल.